सगळ्यांना एकच दिसतं

दोब्रोमिर काराइवानोव याने ईस्टरच्या आधीची साफसफाई घरी कधी केली नव्हती. खिडक्या मिल्का पुसायची, गालिचे मिल्काच झटकायची, आणि हा गच्चीत उभा राहून तिला कोपरा राहिला म्हणून दाखवायचा. त्या वर्षी ऑफिसात मात्र तो कंबर कसून उतरला. प्लोवदिवच्या बाहेर त्यांची कंपनी होती. हॉटेलांसाठी मोठमोठी स्वयंपाकघरं बनवायची. कोणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये मांडलेलं असे आणि त्याचा कारभार दोब्रोमिरकडे होता.

आता या कामांच्या ढिगाकडे पाहायला त्यात व्ह्यू बनवता येत. व्ह्यू म्हणजे खिडकीच म्हणा. ढीग तोच, पण एका खिडकीतून फक्त पत्र्याची कामं दिसणार, दुसरीतून फक्त उशीर झालेली, तिसरीतून फक्त दुसऱ्यांची. ज्याने त्याने आपली खिडकी बनवली आणि मोठ्या मनाने ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली. त्यामुळे यादीत ‘राहिलेली कामं’, ‘राहिलेली कामं नवीन’, ‘राहिलेली कामं खरी’ अशी रांग लागली होती. गोदामवाल्या वर्बानने तर आपल्या व्ह्यूचं नाव ‘याला हात लावू नये’ असं ठेवलं होतं. अर्थातच सगळे त्याला हात लावत.

दोब्रोमिरने एका दुपारी हे सगळे व्ह्यू पुसून टाकले आणि सगळ्यांसाठी एकच ठेवला. नावाप्रमाणे कामं, वर एक मोठा गोल. जेवढं काम झालं तेवढा गोल हिरवा, बाकीचा लाल. मग त्याने सगळ्यांना निरोप धाडला, ‘आजपासून सगळ्यांना एकच दिसेल. जे व्ह्यूमध्ये आहे ते काम, जे नाही ते नाही.’ हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते छापून फोटोकॉपीच्या मशीनवर चिकटवलं.

त्या मशीनशेजारीच त्याचं टेबल होतं. डोक्यावर एसी होता आणि तो गळायचा. बरीच वर्षं तो असा ठिबकत्या पाण्याखाली बसला होता, आणि समोर काचेपलीकडे उपसंचालकाची खोली रिकामी पडली होती. मोठी खिडकी, खिडकीत टेकड्या, आणि खाली गाडी लावायला स्वतःची जागा. महिन्यापूर्वी कोलारोवा मॅडम जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘समुद्रावरच्या हॉटेलचं स्वयंपाकघर वेळेवर जाऊ दे, मग त्या खुर्चीचं बघू.’ स्वयंपाकघर जायचं होतं ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ दोब्रोमिरने आपल्या सोयीने लावला. मिल्काला सांगितलं, मिल्काने तिच्या आईला सांगितलं, आणि सासूबाईंनी ईस्टरला सगळं गणगोत बोलावून ठेवलं. सासूबाई जावयाबद्दल आजवर चांगला शब्द बोललेल्या नव्हत्या. ईस्टरला रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर आपटतात, ज्याचं फुटत नाही तो जिंकला. लाल अंड्यांची ही टक्कर दरवर्षी त्याच जिंकायच्या आणि दरवर्षी त्याच्याकडे बघून म्हणायच्या, ‘याचं कवचच पातळ.’ यंदा खुर्चीची बातमी घेऊन त्यांच्यासमोर बसायचं, एवढं एक स्वप्न तो उराशी धरून होता.

गोंधळाची सुरुवात झाली ती हलव्यावरून. फुलांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ज्यांची ज्यांची नावं फुलापानांवरून असतात त्या सगळ्यांचा नावदिवस असतो, आणि ज्याचा नावदिवस तो सोमवारी ऑफिसात खाऊ घालतो. उपासाचे दिवस म्हणून खाऊ म्हणजे तिळाचा हलवा. आदल्या वर्षी सगळ्यांनी वेगवेगळा आणला, आणि मे महिन्यापर्यंत कपाटातून हलवा निघत होता. म्हणून यंदा मॅडमनी दोब्रोमिरला फर्मावलं की कोणाकोणाचा नावदिवस आहे ते बघून सगळ्यांचं मिळून एकच टेबल मांडा.

दुसरा कोणी असता तर ऑफिसातून एक चक्कर मारून विचारून आला असता. पण दोब्रोमिर तो दोब्रोमिर. शुक्रवारी संध्याकाळी त्याने व्ह्यू उघडला, नावांचा फिल्टर काढला आणि खुणा करायला घेतल्या. पहिली खूण आदराने कोलारोवा मॅडमच्या नावावर, कारण त्या लिल्याना, म्हणजे लिलीचं फूल. मग तपासणीवाली इग्लिका, ते रानातलं पिवळं फूल. हिशोबातली नेवेना, म्हणजे झेंडूची बहीण. वर्बानचं नाव झाडाच्या डहाळीवरून. अशी सगळी फुलंपानं निवडून झाल्यावर पडद्यावर सुटसुटीत यादी आली. त्याने ती छापली. बाहेर पडताना पडद्याने विचारलं, ‘माझ्यापुरतं सेव्ह करू की सगळ्यांसाठी?’ आठवडाभर सगळ्यांसाठी सेव्ह करून त्याच्या बोटाला सवय लागली होती. बोट आपलं आपण गेलं. दोब्रोमिर शीळ घालत घरी गेला.

सोमवारी हलवा झाला, ऑलिव्ह झाले, वर्बानने कागदी कपातून काहीतरी दिलं ते रस आहे असं सगळ्यांनी मानलं. मग मंडळी आपापल्या जागी गेली आणि त्यांनी व्ह्यू उघडला. पत्राखात्याचा, म्हणजे पत्रा कापून-वाकवून वस्तू बनवणाऱ्या खात्याचा, मुकादम स्तामेन याने आपलं नाव शोधलं. नव्हतं. वरून पाहिलं, खालून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. त्याच्या खात्यात कोणाचंच नाव नव्हतं. काल-परवापर्यंत समुद्रावरच्या हॉटेलची भली मोठी धुराची टोपी त्याच्या डोक्यावर होती, म्हणजे ती चुलींवर बसवतात ती, आणि आज कामाचं नावही नाही.

काम वाढलं तर माणूस ओरडतो. काम नाहीसं झालं म्हणून ओरडणारा अजून कोणी पाहिलेला नाही. तरी स्तामेन सरळ माणूस, तो मंगळवारी सकाळी दोब्रोमिरकडे आला. म्हणाला, माझ्या लोकांना कामच दिसत नाहीये. दोब्रोमिरने मशीनवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

“काय लिहिलंय?”

“जे व्ह्यूमध्ये नाही ते नाही.”

“मग?”

“मग टोपीचं काय, साहेब? पत्रा अजून...”

“स्तामेन, तुला व्ह्यूपेक्षा जास्त कळतं का?”

स्तामेनने थोडा विचार केला. सासुरवाडीच्या घराला चुना लावायचा होता, द्राक्षाच्या मांडवाखालची माती उकरायची होती. “नाही बुवा,” तो म्हणाला. दोब्रोमिरने वर उदारपणे सांगितलं की काम संपलंय तर बसून काय करता, ईस्टर झाल्यावर या. माणसांना वेळेवर घरी सोडणारा अधिकारी असं आपलं नाव व्हायला हवं, हाही विचार त्यात होताच. दुपारपर्यंत पत्राखात्याला कुलूप लागलं. पाठोपाठ जोडणीवाले गेले, रंगवाले गेले. ज्यांच्या नावात फूल नाही, पान नाही, ते सगळे गावाला पांगले.

तुम्ही म्हणाल, या माणसाने स्वतः एकदा यादी वाचली कशी नाही. तर त्याचं म्हणणं असं की यादी काम करणाऱ्यांसाठी असते, अधिकाऱ्याने गोल बघावा. आणि गोल तर हिरवागार होत चालला होता. फुलांची मंडळी कामाला चोख, त्यांची कामं भराभर होत होती आणि बाकीची मोजलीच जात नव्हती. दोब्रोमिर दर तासाला गोल बघायचा आणि काचेपलीकडच्या खुर्चीकडे बघायचा. मध्येच जाऊन त्याने तिथल्या खिडकीचं माप घेतलं. पडदा लागणार होता, दुपारचं ऊन सरळ आत येत होतं.

शिवाय लोकांचं वागणं बदललं होतं. इग्लिका एरवी त्याच्याशी रोज भांडायची. तपासणीला वेळ कमी दिला, तारखा चुकीच्या टाकल्या, काही ना काही. मंगळवारपासून ती एकदम गोड झाली. त्याने चुकीची तारीख टाकली तर म्हणाली, “राहू दे, मी करते. तू दमला असशील.” वर्बान, जो स्वतःच्या आईलाही गोदामाची किल्ली देत नसे, तो रोज हलव्याची वडी कागदात गुंडाळून आणून द्यायचा आणि खांद्यावर हात ठेवून उभा राहायचा. नेवेनाने त्याच्या डोक्यावरच्या एसीखाली बादली ठेवली. इतक्या वर्षांत जे कोणाला सुचलं नव्हतं ते आता सुचत होतं. दोब्रोमिरला कारण पक्कं ठाऊक होतं. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय. तो मनातल्या मनात प्रत्येकाचा पगारही थोडा थोडा वाढवत होता.

घरीही तेच. मिल्काने त्याच्या आवडीच्या घेवड्याने भरलेल्या मिरच्या केल्या, त्याही लागोपाठ दोन दिवस. कहर म्हणजे सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी मिल्काला न मागता थेट याला विचारलं, “तुझं ब्लडप्रेशर कसं आहे, बाळा?” बाळा. दोब्रोमिरने फोन ठेवला. खुर्ची अजून मिळाली नाही तर ही स्थिती, मिळाल्यावर काय होईल, असं त्याला वाटलं.

बुधवारी गोल पुरा हिरवा होत आला. उरला फक्त एक बारीकसा लाल काप, वरच्या बाजूला, लिंबाच्या फाकेएवढा. दोब्रोमिरने तो किरकोळ समजून सोडून दिला. नवा टाय बांधला आणि तो मॅडमच्या दारावर टकटक करून आत गेला. स्वयंपाकघर तयार आहे, उद्या ट्रक निघण्याआधी एक नजर टाकता का, असं त्याने विचारलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

“तयार? इतक्यात?”

“आपली कामाची पद्धतच आहे ती, मॅडम.”

मॅडम खूश झालेल्या दिसल्या. दोघं खाली उतरले. वाटेत इग्लिका, नेवेना आणि वर्बान दिसले, त्यांनाही दोब्रोमिरने बोलावून घेतलं. समारंभ आहे तर माणसं हवीत. पत्राखात्याच्या दाराला कुलूप होतं. वर्बानने किल्ली काढली, दार सरकवलं, दिवे लावले.

आत पत्रा होता. कोरा पत्रा, वेष्टनासकट. जिथे टोपी असायला हवी होती तिथे स्तामेनची रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर त्याचा डबा. चुलींचे सांगाडे भिंतीला टेकून उभे होते. रंग नव्हता, जोडणी नव्हती, पन्हळ नव्हती.

दोब्रोमिर पत्र्याच्या मागे जाऊन बघून आला, जणू स्वयंपाकघर तिकडे लपलं असेल. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग भिंतीला गेला होता. गुरुवार उद्यावर आला, माणसं गावोगाव पांगलेली, आणि पांगवणारा तोच. खुर्ची, खिडकी, पडदा, सासूबाईंसमोरची बैठक, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याने खिशातून फोन काढला आणि व्ह्यू उघडला. या वेळी गोल नाही, यादी. लिल्याना. इग्लिका. नेवेना. वर्बान. सगळी फुलंपानं. मग त्याला शुक्रवारची संध्याकाळ आठवली, आपलं बोट आठवलं आणि शीळही आठवली.

“मॅडम,” तो म्हणाला, “माझ्या हातून घोटाळा झालाय. फिल्टर लावला मी, हलव्याच्या टेबलासाठी. तो सगळ्यांना लागला. बाकीच्यांची कामं कोणाला दिसलीच नाहीत, आणि मी त्यांना घरी धाडलं. उद्या स्वयंपाकघर जाणार नाही. दोष सगळा माझा.”

हे बोलायला छाती लागते, आणि ते त्याने टाय सरळ करून म्हटलं, हे कबूल केलं पाहिजे. पण मॅडम रागावल्या नाहीत. उलट गोंधळल्यासारख्या दिसल्या.

“पण उद्या कुठे जायचंय ते? हॉटेलवाल्यांचा पोहण्याचा तलाव फुटलाय, तळघरात पाणी भरलंय. त्यांना ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी हवंय. मला वाटलं तुम्ही हौसेने आधीच केलंत.”

“मला कोण बोललं?”

“मी.” मॅडम थांबल्या. “मी बोलले नाही का?”

“नाही,” इग्लिका हळूच म्हणाली. “तुमच्या कामांत तसं लिहिलंय, मॅडम. दोब्रोमिरला कळवणे, म्हणून. दोन आठवडे लाल आहे. म्हणून तर बाकीच्यांची कामं तुम्हीच काढून टाकली असतील असं मी धरून चालले.”

“माझ्या कामांत? ते तुम्हाला कसं दिसलं? तो माझा खासगी व्ह्यू आहे.”

दोब्रोमिरने घसा साफ केला. तो व्ह्यू त्याने साफसफाईत काढून टाकला होता. मॅडमची कामं सगळ्यांच्या ढिगात आली होती. एरवी त्या डोंगराएवढ्या यादीत कोणाच्या नजरेला पडली नसती. पण फुलंपानं तेवढी उरल्यावर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि मान म्हणून पहिली खूण त्यांच्यावर केलेली, त्यामुळे अगदी वर.

हे ऐकताना दोब्रोमिरच्या जिवात जीव येत होता. म्हणजे स्वयंपाकघराला उशीर झालेला नाही. म्हणजे चूक त्याची असली तरी नुकसान काहीच नाही, उलट ज्या कामासाठी माणसांना सुट्टीच्या तोंडावर राबवलं असतं ते वाचलं. आणि विसरल्या होत्या त्या मॅडम. खुर्ची परत दिसायला लागली, पडद्यासकट. त्याने मान ताठ केली.

मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी वेगळंच चालू होतं. त्यांनी एकेकाकडे बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, “माझी दोन कामं होती त्यात. दुसरं पण वाचलंत का?”

 नेवेना बुटांकडे बघायला लागली. इग्लिकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर्बानने खिशात हात घातला, कागदात गुंडाळलेली हलव्याची वडी काढली आणि मुकाट्याने दोब्रोमिरच्या हातात ठेवली.

दोब्रोमिरने फोन पुन्हा वर केला आणि यादीच्या माथ्यावरची दुसरी ओळ वाचली. ‘उपसंचालक इग्लिका. दोब्रोमिरला ईस्टरनंतर सांगणे, जपून.’

 दोब्रोमिरला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग नुसतंच वाईट वाटलं, लहानपणी वाटायचं तसं. त्याने हातातल्या वडीकडे बघितलं.

“कधीपासून माहीत आहे?”

“सोमवारपासून,” वर्बान म्हणाला.

“म्हणजे हा हलवा...”

“धीर यावा म्हणून देत होतो रे.”

“आणि ती बादली?”

“ती पण,” नेवेना म्हणाली.

इग्लिका पुढे आली. तिने सांगितलं की मी मागितली नव्हती ही जागा, आणि तुला आधी कळायला हवं होतं, असं भिंतीवर लावल्यासारखं नाही. मॅडम म्हणाल्या, तुमच्याशिवाय इथे कोणाचं पान हलत नाही, पण माणसांवर तुमचं लक्ष कमी आणि गोलावर जास्त. हे कोऱ्या पत्र्यासमोर उभं राहून सांगितलं गेल्यामुळे दोब्रोमिरला वाद घालता आला नाही. पण तोही दोब्रोमिरच होता. त्याने वडी तोंडात टाकली, नीट चावून गिळली आणि म्हणाला, “एक मात्र मान्य करा. सगळ्यांना एकच दिसलं.”

वर जाऊन त्याने फिल्टर काढला. सेव्ह करताना पडद्याने तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने बोट हवेत धरून दोनदा वाचला. स्तामेनची टोपी, जोडणी, रंग, सगळं परत आलं आणि मॅडमच्या दोन ओळी त्या गर्दीत बुडाल्या. मग त्याने मॅडमचा खासगी व्ह्यूही नव्याने बनवून दिला. स्तामेनला फोन करून सांगितलं की ईस्टर नीट कर, मग पळत ये. स्तामेन शिडीवर होता. म्हणाला, मला वाटलंच होतं, पण मला व्ह्यूपेक्षा जास्त कळत नाही ना, म्हणून गप्प बसलो.

घरी जाऊन मिल्काला कसं सांगायचं याची त्याने वाटेत तालीम केली. दारातच म्हणाला, “मिल्का, बस जरा. खुर्चीचं काही जमलं नाही.”

“माहीत आहे,” मिल्का म्हणाली. “नेवेनाने सोमवारीच सांगितलं.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“मिरच्या केल्या ना.”

दोब्रोमिर खाली बसला. एक भयंकर शंका त्याच्या मनात हळूहळू वर येत होती. “आईंना सांगितलंस?”

“तिने ब्लडप्रेशर विचारलं ना तुला,” मिल्का म्हणाली. मग तिला राहवेना. “हे बघ, तुला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं. पण यंदा अंड्यांच्या टकरीत ती तुझ्याकडून हरणार आहे. मुद्दाम. म्हणाली, एवढं तरी मिळू दे त्याला.”

दोब्रोमिरला हे फार लागलं. खुर्ची गेली ते एक वेळ ठीक, पण दयेची अंडी आपल्याला नकोत, आपण खरोखर जिंकून दाखवू, असं त्याने जाहीर केलं. शनिवारी त्याने अख्खी टोपली पालथी घातली. एकेक अंडं दातांवर वाजवून पाहिलं, टोकदार, जाड कवचाचं, गडद लाल असं एक निवडलं आणि रात्री ते उशाशी घेऊन झोपला.

रविवारी सगळं गणगोत टेबलाभोवती जमलं. खुर्चीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी टोपलीतलं सगळ्यात छोटं, एका बाजूने बसकं अंडं उचललं. दोब्रोमिरने आपलं अंडं मुठीत घट्ट धरलं, फक्त टोक बाहेर ठेवलं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि बाळाच्या गालाला लावावं तसं आपलं अंडं त्याच्या अंड्याला लावलं.

टक् झालं. दोब्रोमिरने मूठ उघडली. त्याच्या अंड्याला टोकापासून बुडापर्यंत तडा गेला होता.

 सासूबाईंनी आपल्या अखंड अंड्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला.

“मी खरंच हळू मारलं रे,” त्या म्हणाल्या.